आधी बाबांचे ६० लाख सोडवा, गाडीचं मग बघू

नागपुरात वर्धा रोडवर राहणाऱ्या आणि मिहानमधल्या एका कंपनीत वरच्या पदावर असलेल्या ४३ वर्षांच्या वाचकाचं पत्र थोडक्यात असं: महिन्याला हातात ३ लाख २० हजार येतात. फ्लॅटचा हप्ता ७५ हजार, एसआयपी ४० हजार. मुलगी दहावीत. कंपनी लीजवर (म्हणजे पगारातून भाडं कापून) गाडी देते आणि यांना कॉलेजपासून मिनीचं वेड, म्हणून इलेक्ट्रिक मिनी कंट्रीमन घ्यायची आहे. लीज महिना १ लाख २० हजार, चार वर्षं. त्यासाठी एसआयपी बंद करणार. 'इलेक्ट्रिक घेऊ की पेट्रोलच बरी?' एवढाच प्रश्न. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: 'मुलीच्या शिक्षणाची, माझ्या निवृत्तीची चिंता नाही. वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून) निवृत्त झालेल्या बाबांचे ६० लाख बँकेच्या मॅनेजरने गॅरंटीड डबल होणाऱ्या योजनेत लावलेत. वर्षाला ६ लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी १ कोटी २० लाख, करमुक्त. कागद दोन आठवड्यांपूर्वी ईमेलवर आले, सोबत जोडतोय.'

गाडीबद्दल सांगतो, पण नंतर. ही 'योजना' म्हणजे विमा पॉलिसी आहे, आणि पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री-लुक म्हणतात. तुमचे अर्धे दिवस गेले आहेत. उद्या सकाळी बाबांना घेऊन निघा.

मी कागद वाचले. पहिल्याच पानावर प्रस्तावक, म्हणजे पॉलिसी घेणारा, म्हणून बाबांचं नाव आहे, वय ६६. विमा मात्र तुमच्या जिवाचा आहे. म्हणजे उद्या बाबांचं काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी एक पैसा देणार नाही, उलट राहिलेले हप्ते कोणी भरायचे हा प्रश्न आईसमोर उभा राहील. आणि सगळं सुरळीत झालं तर पैसे कधी मिळणार? बाबा ८६ वर्षांचे होतील तेव्हा. मुदत ठेवी मोडून ही पॉलिसी विकणाऱ्याने हे वय मोजलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

आता 'डबल'. हप्ते दहा वर्षांत भरायचे, पैसे विसाव्या वर्षी. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो. तेवढ्या काळात दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. बाबांच्या मोडलेल्या ठेवी यापेक्षा जास्त देत होत्या.

आणि हे साडेचारसुद्धा गॅरंटीड नाहीत. बेनिफिट इलस्ट्रेशनचा, म्हणजे पुढे किती मिळू शकेल ते दाखवणारा, तक्ता उघडा. त्यात कंपनीच्या गुंतवणुकीवर गृहीत धरलेल्या परताव्याचे दोन रकाने आहेत, एक ४ टक्क्यांचा, एक ८ टक्क्यांचा. १ कोटी २० लाख हा आकडा ८ टक्क्यांच्या रकान्यातला आहे, बोनस धरून. शेजारच्या ४ टक्क्यांच्या रकान्यात जेमतेम ७२ लाख दिसतात, म्हणजे वर्षाला सव्वा टक्कासुद्धा नाही. 'करमुक्त' हेही खोटं. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर गेला की मुदतीअंती मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. तुमचा हप्ता ६ लाख आहे.

तुम्ही लिहिता, विमा कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा मॅनेजर शेजारी बसून 'काका, सगळ्याला हो म्हणा' असं सांगत होता. हे अर्जात लिहा. अर्ज बाबांच्या सहीचा हवा, तुमच्या नाही. विमा कंपनीच्या शाखेत द्या, प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या, त्याच दिवशी ईमेलही करा. बँकेतल्या त्या मॅनेजरकडे अर्ज देऊ नका. तो 'साहेब रजेवर आहेत' म्हणत तुमचे दिवस खाईल. मुद्रांक, तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचं जोखीमशुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा, तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल. समजा मुदत हुकलीच, तरी दुसरा हप्ता भरू नका. ६ लाखांतले बरेचसे बुडणं परवडलं, ६० लाख अडकणं नाही.

पैसे परत आले की बाबांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख (माणशी मर्यादा तेवढीच), आईच्या नावावर २५ लाख. तुम्ही आईंचं वय ६३ लिहिलंय, म्हणजे त्यांनाही चालतं. सध्याचा दर ८.२ टक्के, व्याज दर तिमाहीला. महिन्याचे साडेसदतीस हजार पडतात. ५ लाख बँकेत ठेवा, दवाखान्यासाठी. पैसे मुळात बाबांचे, म्हणून आईच्या खात्यावरचं व्याजही बाबांच्याच उत्पन्नात धरलं जाईल, पण खाणीचं पेन्शन मिळवूनही ते १२ लाखांच्या फार खाली राहतं, त्यामुळे नव्या करप्रणालीत कर शून्य. कोळसा खाण कामगारांचं पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, म्हणून हे व्याज त्यांच्या रोजच्या जगण्याला लागणार आहे. तुमच्या निवृत्तीसाठी ते पैसे नाहीतच. अमरावतीला बहीण आहे, असं तुम्हीच लिहिलंय. ते ६० लाख स्वतःच्या हिशेबातून आजच काढून टाका.

ते काढले की गाडीचं गणितही बदलतं.

मिनीवरचं तुमचं प्रेम मला कळतं. १९५६ च्या सुएझ संकटात पेट्रोल आटलं, आणि त्यातून १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसवली. पुढे तिने मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. स्वस्तात, थोड्या इंधनात सगळ्यांना परवडणारी म्हणून ती जन्मली. आज बीएमडब्ल्यूच्या हातातली इलेक्ट्रिक कंट्रीमन २०२४ मध्ये भारतात आली ती ५४ लाख ९० हजारांना, एक्स-शोरूम. ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या ताफ्यात इलेक्ट्रिक गाड्या भरभरून गेल्या, कारण तिथे कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीवरचा कर कित्येक वर्षं अगदी नाममात्र होता. आपल्याकडे इलेक्ट्रिकला पेट्रोलपेक्षा इतकी मोठी सवलत नाही.

विक्रेत्याने सांगितलेली दीड लाखाच्या व्याजाची वजावट विसरा. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती, आणि तुमचं तर कर्जच नाही, लीज आहे. लीजने करपात्र पगार घटतो हे खरं. १ लाख २० हजारांवर साधारण ३७ हजार कर वाचतो, त्यातून गाडीच्या सवलतीपोटी पगारात धरली जाणारी रक्कम वजा; यंदाचा आकडा पगार विभागाकडून लेखी घ्या. म्हणजे ३७ वाचवायला खिशातून ८३ हजार जातात. चार वर्षांत ४० लाख, आणि गाडी अजून तुमची नाही. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवलीत तर पेट्रोलच्या मानाने वीज साठेक हजार वाचवेल. वर्षाला. ४० लाखांपुढे ते काय पुरणार?

लीज संपल्यावर ठरलेल्या किमतीला गाडी विकत घ्यायची अट असेल तर धोका आणखी वाढतो. पूर्ण इलेक्ट्रिक होण्याची घोषणा करणाऱ्या याच ब्रँडने फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑक्सफर्डच्या कारखान्यातली ६० कोटी पौंडांची इलेक्ट्रिक गुंतवणूक थांबवली. चार वर्षांनी आजच्या मॉडेलला नागपुरात गिऱ्हाईक कोण असेल, हे विक्रेता छातीठोकपणे सांगत असेल तर ऐकू नका. २०१७ मध्ये आपल्याच शहरात इलेक्ट्रिक टॅक्सींचा ताफा मोठ्या गाजावाजात सुरू झाला. वर्षभरात चार्जिंगच्या रांगांना कंटाळून चालक गाड्या परत करू लागले. तेव्हा वापरलेली महिंद्रा ई-टू-ओ तर बाजारातूनच गेली. घरच्या पार्किंगमध्ये चार्जर असला तर तुमची अडचण तेवढी नसेल, पण पुनर्विक्रीची खात्री त्यातून मिळत नाही.

एसआयपी बंद करू नका. ४० हजारांप्रमाणे चार वर्षांत १९ लाख भरले जातात, वाढ धरून बावीस-तेवीस. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या मध्यावर असेल.

इलेक्ट्रिकच हवी असेल तर जरूर घ्या, माझा विरोध इलेक्ट्रिकला नाही. देशात बनणारी लहान गाडी १२-१४ लाखांत येते, लीज तीसेक हजार, कर वजा जाता वीस-बावीस. सोसायटीकडून चार्जरचं ना-हरकत पत्र आधी घ्या, गाडी नंतर बुक करा. आणि मध्येच नोकरी सोडली तर उरलेली लीज कोणाच्या अंगावर येते, ते कंपनीच्या करारात शोधा. सापडलं नाही तर करार मला पाठवा.