रिटचिंगनंतर चेहरा प्लास्टिकचा का दिसतो?

प्रश्न : ताई, मी महालातल्या एका स्टुडिओत अल्बम डिझायनिंग करतो. फोटोशॉप बऱ्यापैकी येतं, पण चेहरा साफ केला की प्लास्टिकसारखा दिसतो. नोकरी सांभाळून रिटचिंगची बाहेरची कामं घ्यायची आहेत. फ्रिक्वेन्सी सेपरेशनचा कोर्स लावू का? कामं कुठून मिळतील?
— एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : कोर्सचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. फ्रिक्वेन्सी सेपरेशनमध्ये त्वचेचा पोत एका लेयरवर, म्हणजे थरावर, जातो आणि रंग-सावल्या दुसऱ्यावर. या दुसऱ्या लेयरवर ब्लर थोडा जरी जास्त झाला, की गालाचा उंचसखलपणा जातो आणि वर नुसती रोमछिद्रं उरतात. चेहरा खोटा दिसतो तो त्यामुळे. डाग कोणता आणि सावली कोणती हे ज्याला डोळ्यांनी कळतं, त्याच्या हातात हे तंत्र शोभतं.

तो डोळा डॉज-बर्नने, म्हणजे बारीक जागा हलकेच उजळ किंवा गडद करत जाण्याने, तयार होतो. आधी रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशने फक्त मुरुम आणि ओरखडे काढा. तीळ काढू नका, तो त्या माणसाचा आहे. मग कर्व्हजचे दोन लेयर घ्या, एक उजळ करणारा, एक गडद करणारा. दोन्हींचे मास्क काळे करा, म्हणजे परिणाम झाकला जातो आणि पांढरा ब्रश फिरेल तिथेच दिसतो. मऊ पांढरा ब्रश, फ्लो, म्हणजे ब्रशचा जोर, एक ते तीन टक्के. सगळ्यात वर तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट लेयर ठेवा, म्हणजे रंग बाजूला पडून नुसते उजेड-अंधाराचे ठिपके दिसतात. ते एकेक करून शेजारच्या छटेला मिळवत जायचं. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट मला माहीत नाही. शंभर टक्के झूमवर काम करा आणि दर थोड्या वेळाने पूर्ण चेहरा पाहा. माऊसने हे जमत नाही. कॉम्प्युटरला जोडून पेनने रेखायचा साधा पेन टॅबलेट घ्या.

आपल्याकडच्या लग्नांत खरी परीक्षा रंगाची असते. हळदीच्या मांडवात पिवळ्या कापडावरून उजेड उसळतो आणि हनुवटीखाली, मानेवर बसतो. पूर्ण फोटो निळा करून हे सुटत नाही. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये फक्त पिवळा निवडा, थोडा लालकडे सरकवा, तीव्रता जराशी उतरवा आणि मास्कने तेवढ्याच जागी ठेवा. गालाला लावलेली हळद मात्र पिवळीच दिसली पाहिजे!

“नवरी थोडी गोरी करून द्या ना भाऊ,” हे तुम्ही रोज ऐकत असाल. मी ते करत नाही. चेहरा, मान आणि हात एका रंगात आणते, डोळ्यांखालचा काळेपणा थोडा हलका करते आणि तेवढंच देते. सावळी मुलगी सावळीच सुंदर दिसते, हे दाखवणं रिटचरच्या हातात आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

कामासाठी लगेच परदेशी साइटकडे धावू नका. तिथे गर्दी आहे आणि फायव्हर ही साइट तर कमाईतले वीस टक्के कापून घेते. इतवारीतल्या सराफ्यात आधी विचारा. दागिन्यांच्या फोटोत धूळ, ओरखडे, सोन्यात उमटलेलं कॅमेऱ्याचं प्रतिबिंब काढायचं असतं, पेन टूलने दागिना मागच्या भागापासून कापून घ्यायचा असतो. खड्याचा रंग बदलू देऊ नका. गिऱ्हाईक फोटो पाहून वस्तू घेतं, मग भांडण सराफाच्या दारात येतं. गांधीबागेतल्या साडीवाल्यांनाही हेच लागतं, फक्त तिथे कापडाचा रंग सांभाळायचा.

भाव सांगण्याआधी एका फोटोला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्धे पैसे आधी, दुरुस्त्या दोनदाच, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. फाइल ऑनलाइनसाठी एसआरजीबीत, म्हणजे स्क्रीनसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, द्या. छपाईची असेल तर लॅबला त्यांची रंगांची प्रोफाइल विचारा.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. स्टुडिओच्या ग्राहकांचे फोटो मालकाच्या आणि त्या कुटुंबाच्या परवानगीशिवाय नमुना म्हणून दाखवू नका. घरच्यांना विचारून त्यांचे काढा, सकाळी खिडकीच्या उजेडात, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये. घरात आजी असेल तर तिचा फोटो घ्याच. सगळ्या सुरकुत्या जागेवर ठेवून तो साफ करता आला, तर नमुन्यांत तोच पहिला लावा.