फुललेलं रोप बघून भुलू नका, आधी आपलं रान बघा

फुलझुडपांबद्दल यंदा आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातून तीन तऱ्हेचे प्रश्न आलेत. शिरोळकडून: एक्झोरा पिवळा पडतोय. कागलकडून: जास्वंदीची पानं आकसून वेडीवाकडी होतायत. राधानगरीकडून: मोगरा पावसात मरतो, मग लावायचं तरी काय?

शिरोळचं आधी. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडलंय. तुमच्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. दुकानदार एकोणीस-एकोणीस (19:19:19 खत) देतो, तुम्ही ते दर आठवड्याला ओतता, झाड आणखी पिवळं. ओतणं थांबवा. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून सकाळी किंवा संध्याकाळी पानांवर फवारा. त्यापेक्षा जास्त घेतलं तर पानं करपतील. खरं सांगायचं तर अशा रानात एक्झोरा आणि अनंत लावूच नयेत. त्यांना आम्लधर्मी माती लागते. क्षारपड पट्ट्यात कण्हेर आणि बोगनवेल लावा, तीही वरंब्यावर. कण्हेर विषारी आहे, जनावरं चरतात त्या बांधावर नको. आणि बोगनवेलीला सारखं पाणी द्याल तर नुसती पानं मिळतील, फुलं नाहीत.

कागलची जास्वंद. फोटो बघितले. पान अरुंद, शिरा समांतर ओढल्यागत, शेंडा पिळवटलेला. हे उसातल्या तणनाशकाचं काम आहे. टू-फोर-डी मारलेल्या पंपातूनच तुम्ही अंगणात फवारलंय, नाहीतर शेजारच्या उसातून वाऱ्यानं आलंय. जास्वंद कापसाच्या कुळातली, तिला एवढंसंही सोसत नाही. दुकानदारानं बोकड्या (पानं आकसण्याचा रोग) सांगून तीन औषधं एकत्र करून दिली. त्यातलं एकही या दुखण्यावरचं नाही. आता काही मारू नका. पिळवटलेले शेंडे छाटा, बेतानं पाणी द्या, नवी फूट येते का बघा. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. धुऊन चालतो असं कुणी सांगितलं तरी वेगळाच ठेवा.

पांढरा पिठ्या ढेकूण मात्र खरी कीड आहे. थोडा असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा, जास्त असेल ती फांदी कापून जाळा. मुंग्यांची वाट मोडा, कारण पिठ्याला त्याच सांभाळतात. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी. सोबत बुरशीनाशक मिसळलंत तर पैसे पाण्यात, कारण हे औषध म्हणजेच बुरशी आहे. आळ्यात थायमेट टाकायला सांगणारे अजून भेटतात. थायमेट म्हणजे फोरेट, आणि फोरेटवर 2020 अखेरपासून बंदी आहे. देवाला वाहायचं फूल आहे ते, पोरं हाताळतात. थायमेट नको म्हणजे नको.

राधानगरी, भुदरगड, गगनबावडा: जांभ्याची माती आणि धो धो पाऊस. तिथं तगर, अनंत, एक्झोरा, आणि सावलीत अबोली मजेत येतात. मोगराही येईल, पण पाणी साचलं की मुळं कुजतात. तरण्या-म्हाताऱ्या (पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांच्या) पावसात खड्डे काढून रोपं कोंबू नका. उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, पाऊस ओसरला की उंच वरंब्यावर, भरपूर ऊन मिळेल अशा जागी लावा. पूर्वेकडच्या तालुक्यांना मृगाची लागवड चालते.

मोगऱ्याला पावसात युरिया आणि वर कल्टार (झाडाची वाढ रोखणारं औषध), हा सल्ला सध्या जोरात फिरतोय. युरियानं पाला माजतो, कळी येत नाही. कल्टार मातीत महिनोन्‌महिने राहतं आणि झाड खुजं करून ठेवतं. नर्सरीत पिशवीएवढं रोप फुलांनी लदलेलं दिसतं, ते पुष्कळदा अशाच वाढरोधकावर असतं. घरी आणलं की वर्षभर जागचं हलत नाही. फुलं नसलेलं, फुटवे असलेलं रोप मागा. हायड्रेंजिया महाबळेश्वरला शोभतो, आपल्या एप्रिलच्या उन्हात नाही. मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरात तोडा, महिनाअखेरीस छाटणी करा, मग शेणखत देऊन पाणी सुरू करा.

आणि उसाचं पाचट जाळू नका, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी सांगणार. प्रत्येक झुडपाच्या बुडाला वीतभर पाचट अंथरा, खोडाला चिकटू न देता. उन्हाळ्यात ओल टिकते, तण दबतं, पावसात चिखल उडून रोग चढत नाही. आपल्या जिल्ह्यात पाचट फुकट आहे आणि आपण दुकानातून टॉनिक आणतो!

योजनेचं: मोगरा, गुलाब, निशिगंधाला रोजगार हमीतून मदत मिळू शकते. जॉबकार्ड, 7/12 आणि 8-अ घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) भेटा, यंदाचे निकष तिथंच कळतील. अंगणातल्या चार झाडांना काही मिळत नाही.

प्रश्न पाठवताना गाव, माती आणि आजवर काय काय मारलंय ते खरं लिहा. औषधाचं पक्कं बिल असेल तर त्याचाही फोटो जोडा.