पोट रोज साफ होत असेल, तरी तंतुमय पदार्थ वाढवावेत का?

पोटाची काहीच तक्रार नसताना आहारातील तंतुमय पदार्थ मुद्दाम वाढवण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आहे, कारण बद्धकोष्ठता दूर होणे हा त्यांचा सर्वांत परिचित फायदा असला, तरी सर्वांत मोठा नव्हे.

चमचाभर इसबगोल पेलाभर पाण्यात टाकून थोडा वेळ तसाच ठेवला, तर तो फुगून बुळबुळीत होतो. ओट्स, जव आणि कडधान्ये यांतील विद्राव्य तंतूंमुळे आतड्यातील अन्नही असेच दाटसर होते, त्यामुळे जेवणातील साखर रक्तात सावकाश उतरते आणि यकृताने पचनासाठी सोडलेल्या पित्ताम्लांचा काही भाग त्यात अडकून शौचावाटे बाहेर पडतो. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, खाली येते. हा उतार माफक असतो, तेव्हा त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या आणि २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वाधिक खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळले. अशी माणसे एरवीही प्रकृतीला जपणारी असतात, ही शंका रास्तच आहे. परंतु त्याच आढाव्यातील प्रत्यक्ष चाचण्यांतही वजन, कोलेस्टेरॉल आणि वरचा रक्तदाब कमी झालेला दिसला. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांना सर्वाधिक लाभ झाला.

एवढ्यासाठी महागडी पाकिटे आणण्याची गरज मला तरी वाटत नाही. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. दोन भाकऱ्या, वाटीभर मटकीची उसळ, एखादी पालेभाजी आणि एक पेरू एवढ्यावर बहुतेक हिशेब जुळतो. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देण्याची सवय मात्र सोडावी; पोळी थोडी कमी मऊ होईल, पण गव्हातील तंतूंचा मोठा वाटा त्या कोंड्यातच असतो.

हा बदल एका आठवड्यात उरकू नये. मोठ्या आतड्यातील जिवाणू हे तंतू आंबवतात आणि सवय होईपर्यंत पोट फुगते, गॅसेस होतात. म्हणून आधी एका जेवणात बदल करावा, पाणी वाढवावे आणि मग पुढे जावे. इसबगोल कोरडा कधीही घेऊ नये, तसेच तो आणि इतर औषधे यांत दोनेक तासांचे अंतर ठेवावे. आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा आतडे अरुंद असल्याचे निदान झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये.