घरच्या गॅरेजात लिफ्ट : पैसे नेमके कुठे वाचतात?

प्रश्न : घराला लागून स्वतःचं गॅरेज आहे. रोजची एक सेडान आणि हौसेनं जपलेली एक जुनी छोटी गाडी आहे. दुसरीला जागा नाही म्हणून ती भाड्याच्या बंद पार्किंगमध्ये ठेवतो. बरीच कामं मी स्वतः करतो, पण स्टँडवर गाडी चढवून पाठीवर सरपटणं आता नको वाटतं. गाडी उचलणारी दोन खांबांची लिफ्ट, म्हणजे टू-पोस्ट लिफ्ट घ्यायचा विचार आहे. वर्कशॉपची बिलं वाचतील, मित्रांच्या गाड्या केल्या तर थोडी कमाईही होईल. सहा महिन्यांच्या घरखर्चाइतका आपत्कालीन निधी आहे. त्यातला निम्मा काढला तर लिफ्ट रोखीनं येते. विक्रेता बिनव्याजी हप्तेही देतो आहे. काय करू?

उत्तर : तुम्ही रकमा न देता टू-पोस्ट लिफ्टची किंमत १०० धरून बाकीचे आकडे कळवलेत, ते बरं केलंत. माझाही हिशेब त्याच मापात आहे.

वर्कशॉपच्या बिलांपासून सुरुवात करतो, कारण सगळा बेत त्यावरच उभा आहे. गेल्या वर्षीची तुमची बिलं मिळून २२ होतात. त्यातले १३ सुट्या भागांचे. लिफ्ट असो वा नसो, ब्रेक पॅड आणि क्लच प्लेट त्याच भावानं विकत घ्यावी लागणार. मजुरीचे उरले ९. त्यातही व्हील अलाइनमेंट, एसीचा गॅस आणि टायर बदलणं यांचेच ५ आहेत, आणि ती कामं लिफ्ट आली तरी तुम्ही घरी करणार नाही, कारण त्यांना वेगळी यंत्रं लागतात. म्हणजे लिफ्टमुळे खरोखर वाचणारी मजुरी वर्षाला ४. बाकीची कामं तुम्ही आजही घरीच करता, फक्त पाठ दुखवून. पाठीची किंमत मी कमी लेखत नाही, पण ती 'बचत' या रकान्यात लिहू नका.

आता समोरचा रकाना. १०० ही लिफ्टची छापील किंमत. तुमच्याच कोटेशनांनुसार वाहतूक आणि उतरवणी ८, वायरिंग ७, दरवाज्याचे रूळ वर घेणं ९ आणि काँक्रीटचं काम १८. झाले १४२. दरवर्षीची तपासणी आणि देखभाल ३ धरली आहे. वर्षाला ४ वाचवायचे आणि त्यातले ३ लिफ्टवरच घालवायचे, तर १४२ कधी वसूल होणार हे तुम्हीच पाहा.

काँक्रीटच्या १८ वर बहुतेक जण काट मारायला बघतात. तिथे हात लावू नका. टू-पोस्टमध्ये गाडीचं सगळं वजन दोन खांबांच्या तळपट्ट्यांवर येतं आणि खांब उभे राहतात ते अँकर बोल्टच्या जोरावर. उत्पादक सहसा किमान १०० मिलिमीटर जाडीचं, सुमारे २१ मेगापास्कल ताकदीचं आणि २८ दिवस मुरलेलं काँक्रीट मागतात, काही मॉडेलं याहून जास्त. तुमच्याकडे ते ७५ मिलिमीटर आहे असं बांधकाम करणाऱ्यानं सांगितलंय. ते खरं मानायचं की नाही, हे एका बारीक भोकात कळतं. कोपऱ्यात आरपार छिद्र पाडायचं, टोक वाकवलेली तार आत सोडायची, वाकडं टोक काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकलं की वर जमिनीलगत चिमटीत धरून तार बाहेर काढायची आणि टेपनं मोजायची. मात्र जमिनीत ताण दिलेल्या पोलादी केबल असतील, म्हणजे पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल, तर ड्रिल लावायचंच नाही. आधी आराखडा पाहा, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. त्याची फी या सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

मित्रांच्या गाड्यांची कमाई मी हिशेबातून सरळ खोडली. पैसे घेऊन दुसऱ्याची गाडी उचललीत की तो धंदा झाला, आणि घराच्या विमा पॉलिसीत धंद्याशी निगडित नुकसान बहुधा वगळलेलं असतं. एक गाडी पडली तर दहा वर्षांची किरकोळ कमाई एका दुपारी जाईल.

मग लिफ्ट नकोच का? तसं नाही. तुमच्या पत्रात एक आकडा तुम्ही जाता जाता लिहिलाय, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : जुन्या गाडीच्या पार्किंगचं भाडं, महिन्याला ३. वर्षाला ३६. हा खर्च लिफ्टनं पूर्ण थांबू शकतो, पण त्यासाठी लिफ्ट वेगळ्या प्रकारची लागते : चार खांबांची, म्हणजे फोर-पोस्ट. तिच्यावर गाडी चाकांवर, दोन पट्ट्यांवर उभी राहते, त्यामुळे ती महिनोन्‌महिने वर ठेवता येते आणि खाली रोजची गाडी लावता येते. टू-पोस्टवर गाडी चार हातांवर लोंबकळते. तिच्याखाली रोज दुसरी गाडी लावायचा बेत मी तरी करणार नाही. घरगुती वापराच्या अनेक फोर-पोस्ट लिफ्ट स्वतःच्या पायांवर उभ्या राहतात, बोल्ट मारावे लागतातच असं नाही. म्हणजे तुमचं काँक्रीट फोडायला लागणार नाही, मात्र प्रत्येक पायाखाली किती भार येतो आणि तुमची जमीन तो पेलते का, हे मॅन्युअलवरून ताडून घ्या.

जागेचं गणित मी करून पाहिलं. छत ३.३ मीटर. सेडान १.४८, जुनी गाडी १.३८, पट्ट्यांची जाडी आणि मोकळं अंतर मिळून १५ सेंटीमीटर. बेरीज ३.०१. उरतात २९ सेंटीमीटर. पुरेसं आहे, पण ऐसपैस नाही, कारण लिफ्ट मनाला येईल त्या उंचीवर टेकवता येत नाही. ती लॉकच्या खाचांवरच टेकवायची असते. उद्या सेडान विकून १.७५ मीटरची एसयूव्ही घेतलीत तर बेरीज ३.२८ होते आणि सगळा खेळ संपतो. पुढची गाडी कोणती घेणार हे घरात आत्ताच बोलून घ्या. छताचे दिवे, तुळई आणि उघडल्यावर आत सरकणारा दरवाजा हेही मोजमापात धरा. तुमचे रूळ सध्या गाडीच्या बरोबर डोक्यावर येतात, म्हणून ९ चा तो खर्च इथेही टळत नाही.

फोर-पोस्टचा हिशेब : लिफ्ट ९५, वाहतूक १०, वायरिंग ७, रूळ ९, तेल झेलायचे ट्रे ४. एकूण १२५. ट्रेवर कंजुषी नको, जुनी गाडी ठिबकतेच आणि खाली नव्या गाडीचं बॉनेट असतं. भाड्याचे ३६ वाचले, देखभालीचे ३ गेले, हाती वर्षाला ३३. पावणेचार-चार वर्षांत पैसे वसूल. तेल बदलणं, सायलेन्सर, गिअरबॉक्स ही कामं उभ्यानं करता येतील ते वेगळंच. चाकं काढायची असतील तर मधे सरकणारा जॅक लागतो. तो नंतर घ्या, पहिल्या दिवशी नको. आणि वरची गाडी काढायची तर खालची आधी बाहेर न्यावी लागते. जुनी गाडी रविवारीच निघते असं तुम्ही लिहिलंय, म्हणून चालेल. रोज निघणारी असती तर हाच बेत मी मोडीत काढला असता.

पैसे कुठून आणायचे? आपत्कालीन निधीतून अजिबात नाही. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर लिफ्ट ऐनवेळी कोण विकत घेणार, आणि किती भावानं? बिनव्याजी हप्त्यांच्या योजनेत व्याज बहुतेक वेळा किमतीतच मुरलेलं असतं. विक्रेत्याला रोख भाव लेखी मागा, फरक लगेच दिसेल. तुमच्या बोनसमधून ६० येतात आणि महिन्याला ६ बाजूला पडतात असं तुम्ही सांगितलंत. उरलेले ६५ साठायला साधारण अकरा महिने. तेवढं थांबा. त्या काळात पाठीसाठी काही हवंच असेल तर अर्धा मीटरभर उचलणारी, काम झाल्यावर भिंतीला टेकवून ठेवता येणारी छोटी लिफ्ट मित्राकडून वापरून बघा. ब्रेक आणि तेलाची कामं तिच्यावर निभतात. विकत घेऊ नका, नाहीतर फोर-पोस्टचे पैसे तिथेच अडकतील.

सेकंडहँडचा मोह होईल. ज्या लिफ्टवर क्षमतेची पाटी वाचता येत नाही, मॅन्युअल नाही आणि जिच्या केबलचे तुटके तंतू हाताला टोचतात, ती फुकट मिळाली तरी महाग. नवी घेतानाही पाहा की उत्तर अमेरिकेतल्या एएलआय (ऑटोमोटिव्ह लिफ्ट इन्स्टिट्यूट) या संस्थेच्या किंवा युरोपातल्या ईएन १४९३ यांसारख्या मानकानुसार तिची स्वतंत्र चाचणी झाली आहे का. विक्रेत्याच्या 'हेवी ड्यूटी' या शब्दाला काही अर्थ नाही. क्षमता वाचताना नुसतं गाडीचं वजन बघू नका, पुढच्या आणि मागच्या चाकांवरचा भार आणि दोन चाकांमधलं अंतरही जुळायला हवं.

लिफ्ट बसवण्याआधी घराच्या विमा कंपनीला पत्रानं कळवा आणि उत्तर लेखी घ्या. तुमचा वैयक्तिक अपघात विमा नसल्याचं तुम्ही लिहिलंय. तो आधी घ्या, मग लिफ्ट.

आता राहिली एकच गोष्ट. भाड्याची जागा 'असू दे, लागली तर' म्हणून सुरूच ठेवलीत, तर वर्षाचे ३३ निव्वळ कागदावर राहतील. म्हणून करार काढा, नोटिशीची मुदत पाहा आणि लिफ्टचा ॲडव्हान्स देताना त्याच आठवड्यात जागा सोडल्याची नोटीसही द्या. ती द्यायला हात धजत नसेल तर ॲडव्हान्सही देऊ नका.