‘कॉन्टिनेन्टल काँग्रेस’ला मराठीत काय म्हणावे?

अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धावर लिहिताना ‘कॉन्टिनेन्टल काँग्रेस’ला ‘खंडीय संसद’ म्हणावे का, आणि पुढच्या ‘कॉन्फेडरेशन’ला संघराज्य म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आला आहे. मी दोन्ही टाळेन.

‘संसद’ तर नकोच. वसाहतींचे भांडणच मुळी ब्रिटिश संसदेशी होते: आमचा एकही प्रतिनिधी तुमच्यात बसत नाही, मग कर कसला लावता? त्या काळी युरोपात काँग्रेस म्हणजे निरनिराळ्या सत्तांच्या वकिलांची बैठक. (वकील पेशवाईतल्या अर्थाने, कोर्टातला नव्हे.) सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या कारपेंटर्स हॉलमध्ये जमलेली मंडळी तशीच होती. बारा वसाहतींनी त्यांना पाठवले होते. जॉर्जिया आलीच नाही. मतदान माणशी नव्हते, वसाहतीगणिक होते. म्हणजे अवाढव्य व्हर्जिनियाला एक मत आणि चिमुकल्या ऱ्होड आयलंडलाही एकच. याला मराठीत सरळ ‘परिषद’ म्हणावे. पेटन रँडॉल्फ तिचा ‘प्रेसिडेंट’ होता, पण तो बैठक चालवणारा अध्यक्ष. त्याला राष्ट्राध्यक्ष करून टाकू नये. टिळकांच्या काळात आपल्याकडच्या काँग्रेसला मराठीत ‘राष्ट्रीय सभा’ म्हणत, त्यामुळे ‘सभा’ही चालेल.

‘खंडीय’ वाचले की भूगोलाचे पुस्तक आठवते. इथे ‘कॉन्टिनेन्टल’ हा ‘प्रोव्हिन्शियल’चा विरुद्ध शब्द आहे. मॅसॅच्युसेट्सची स्वतःची प्रांतिक काँग्रेस होती. ही सगळ्यांची मिळून. जून १७७५ मध्ये वॉशिंग्टनच्या हाती दिलेली फौज कॉन्टिनेन्टल, फौजेच्या खर्चासाठी छापलेल्या नोटाही कॉन्टिनेन्टल. (त्या नोटा इतक्या घसरल्या की कवडीमोल वस्तूला ‘एका कॉन्टिनेन्टलचीही नाही’ म्हणू लागले.) हे काम आपल्याकडे ‘अखिल’ करतो. म्हणून ‘अखिल वसाहत परिषद’. उत्तरेकडच्या क्वेबेक या ब्रिटिश वसाहतीला आमंत्रण देऊनही ते आले नाही, तेव्हा ‘अखिल’मध्ये थोडी बढाई आहे, पण ती ‘कॉन्टिनेन्टल’मध्येही होतीच.

आता कॉन्फेडरेशन, म्हणजे स्वतंत्र राज्ये झालेल्या या वसाहतींनी आपसात बांधलेली मोट. त्याचा करारनामा परिषदेने नोव्हेंबर १७७७ मध्ये संमत केला, पण तो लागू व्हायला मार्च १७८१ उजाडला, कारण पश्चिमेकडच्या जमिनींवरून मेरीलँड अडून बसले होते. या करारात प्रत्येक राज्य सार्वभौम राहिले. परिषदेला कर बसवता येत नव्हता, राज्यांकडे फक्त मागणी करता येत होती. राज्ये द्यायची तेवढे द्यायची. आयात मालावर पाच टक्के जकात घ्यायची टूम निघाली, तिला सर्व तेरा राज्यांची संमती हवी होती. ऱ्होड आयलंडने नाही म्हटले आणि विषय संपला.

हे संघराज्य नव्हे. तो शब्द १७८७ च्या संविधानानंतरच्या व्यवस्थेसाठी राखून ठेवावा. इथे ‘महासंघ’ चपखल बसतो: जिल्हा दूध संघ आपापले संचालक मंडळ सांभाळून महासंघात येतात, तसे. काही अभ्यासक ‘राज्यसंघ’ लिहितात. अर्थाने तो अचूक आहे, पण ‘संघराज्या’शेजारी छापला की मुद्रितशोधक हमखास एकाचे दुसरे करून टाकतो.