फळी लाटा मारते, पट्टा तडकतो आणि गिऱ्हाईक घनफूट मोजतं

पावसाळ्यात लाकडाची गिरणी अर्धी बंद असते म्हणून की काय, या वेळी पत्रं भरपूर आली. निम्म्याहून जास्त पट्ट्याबद्दलच आहेत, म्हणजे लाकूड चिरणाऱ्या दातेरी पात्याबद्दल. सगळी छापायला जागा नाही, त्यामुळे सारखी होती ती एकत्र केली आणि कोणाचं नाव टाकलं नाही, फक्त गाव टाकलं.

प्रश्न (चिपळूण): काका, आमची ३६ इंची चाकांची उभी बँडसॉ आहे. नवीन पट्टा चढवला की पहिले दोन तास मस्त कटिंग होतं आणि मग फळी लाटा मारायला लागते, टोकाला बरोबर एक इंच आणि मधे पोट सुटलेलं. गाईड बदलले, टेन्शन वाढवलं, मिस्त्री आणून चाकं लेव्हल करून घेतली, फरक शून्य. सध्या जास्त करून आकेशिया आणि जांभूळ चिरतोय. आता मशीनच बदलावी का?

उत्तर: अरे बाबा, मशीन कशाला बदलतोस, पत्रातच उत्तर लिहिलंयस की, "पहिले दोन तास मस्त". चाक वाकडं असतं तर पहिल्या फळीपासून वाकडं कापलं असतं. दोन तासांनी बदलते ती एकच गोष्ट, ती म्हणजे दाताची धार.

आधी भुसा बघ. मुठीत घेऊन चोळायचा. बारीक तुकडे तुकडे हाताला लागले तर दात कापतोय, पिठासारखा आणि गरम लागला तर दात कापत नाही, घासतोय. घासणारा पट्टा तापतो, तापला की लांबतो, लांबला की ढिला पडतो आणि ढिला पट्टा गाठ आली की तिला वळसा घालून जातो, तीच तुझी लाट. मग आपण काय करतो, तर टेन्शन वाढवतो आणि ट्रॉली जोरात ढकलतो, म्हणजे दुखणं पायाला आणि पट्टी डोक्याला.

दुसरं म्हणजे लाट कशी येते ते नीट बघ. गाठीपाशीच येत असेल तर धार गेली किंवा टेन्शन कमी. दरवेळी एकाच बाजूला पळत असेल तर सेटिंग (म्हणजे दात फाकवणं) एका बाजूला जास्त झालंय, किंवा त्या बाजूचे दात कशावर तरी घासून बोथट झालेत. आणि फळीभर सारख्या सारख्या अंतरावर उंचवटा येत असेल तर पट्ट्याचा सांधा बघ, नाहीतर चाकावर चीक आणि भुशाचा गोळा चिकटलाय का ते बघ, माझ्याकडे एकदा चवन्नीएवढ्या गोळ्याने चार दिवस खाल्ले होते आणि मी उगाच पोराला बोलत होतो.

सेटिंगचं सांगायचं तर दात एकाआड एक डावा-उजवा फाकवायचा, तोसुद्धा फक्त वरचा भाग, मुळापासून नाही. प्रत्येक बाजूला साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ओल्या, मऊ, तंतूच्या लाकडाला थोडं जास्त लागतं आणि कडक सुक्याला कमी. तुझं जांभूळ आणि आकेशिया कडकच, त्यामुळे आंब्यासाठी सेट केलेला पट्टा त्याच्यावर चालवू नकोस. आणि दोन दातांमधली जी खोलगट खाच असते ना, ती भुसा वाहून न्यायची जागा आहे. प्रत्येक वेळी फक्त दाताचं टोक घासत गेलं की ती खाच उथळ होत जाते, मग भुसा कोंबला जातो आणि पट्टा बाजूला ढकलला जातो. रुंद ओंडक्याला हा त्रास जास्त.

दोन-अडीच तासांनी पट्टा उतरवायचाच, कापत असला तरी. तीन पट्टे आलटून पालटून चालव. एकावरच दिवस काढणारा माणूस धारेचे पैसे वाचवतो आणि लाकूड घालवतो.

प्रश्न (गडहिंग्लज): आमचा पट्टा दातांच्या मुळाशी तडकतो. महिन्याला दोन गेले. दुकानदार म्हणतो तुमचं टेन्शन जास्त आहे, धारवाला म्हणतो स्टील हलकं आहे. कोण खरं?

उत्तर: दोघंही आपापलं झाकतायत असं माझं मत. तडा कुठून सुरू होतो ते भिंग घेऊन बघा. खाचेच्या तळाला टोकदार कोपरा दिसला तर काम धारवाल्याचं आहे, त्याच्या ग्राइंडरच्या चाकाची कड झिजून टोकदार झालीय, तळ गोल यायला पाहिजे. पट्टा चाकावरून जाताना दर फेरीला वाकतो आणि सरळ होतो, सगळा ताण त्या कोपऱ्यात जमतो. खाचेत निळसर-काळा डाग दिसला तर घासताना जाळलंय, तिथलं स्टील काचेसारखं कडक झालेलं असतं. एकदम खोल घास घेण्यापेक्षा दोन-तीन हलक्या फेऱ्या मारायला सांगा, वेळ लागतो म्हणून कुरकुर करेल, करू दे.

आता जाडी. जुना हिशोब असा की पट्ट्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. ३६ इंची चाकाला २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर, ४२ इंचीला १९ गेज (आकडा कमी तसा पट्टा जाड). ३६ वर १९ गेज चढवून "जाड आहे, टिकेल" म्हणणारे मी भरपूर बघितलेत, उलट तोच लवकर तडकतो कारण छोट्या चाकावर जाड पट्टा जास्त वाकवला जातो. आणि संध्याकाळी काम संपलं की टेन्शन सोडताय का? गरम पट्टा रात्री थंड होऊन आखडतो आणि चाकावर ताणलेलाच राहतो. बारीक तड्याच्या टोकावर सेंटर पंच मारला की तो काही काळ थांबतो, पण त्याच्यावर महिना काढू नका, पट्टा तुटून उडाला की समोर उभा असतो तो आपला माणूस.

प्रश्न (संगमेश्वर): गिऱ्हाईक घराजवळचा फणस, आंबा आणतं आणि आत खिळे निघतात. एका दिवसात दोन पट्ट्यांचे दात गेले. गिऱ्हाईक म्हणतं, मला काय माहीत आत काय आहे. भरपाई मागायची का?

उत्तर: मागायची, पण चिरल्यावर नाही, चिरायच्या आधी. चिरल्यावर भांडण होतं. आमच्याकडे पाटीच आहे, घराजवळच्या आणि रस्त्याकडेच्या लाकडात लोखंड निघालं तर पट्ट्याच्या धारेचा खर्च गिऱ्हाईकाकडे. जो कबूल नाही त्याचं लाकूड उतरवत नाही, वाईटपणा येतो थोडा.

हातात धरायचा मेटल डिटेक्टर घ्या, एका पट्ट्याचे दात वाचले तरी पैसे वसूल. तो नसेल तर डोळे वापरा. लाकडातल्या टॅनिनला लोखंड लागलं की निळा-काळा डाग पडतो आणि तो उभ्या रेषेत वर-खाली पसरतो. आईन, बाभूळ, साग यांच्यात लगेच कळतो. ओंडक्याच्या तोंडावर असा डाग दिसला की समजायचं आत कुठेतरी कुंपणाची तार किंवा खिळा आहे. बुंध्याचा खालचा चार-पाच फुटांचा तुकडा सगळ्यात संशयाचा, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, पोरांचे झोपाळे, निवडणुकीचे बोर्ड, सगळं तिथेच ठोकलेलं असतं.

फणसाचा चीक पट्ट्याला बसतो तो वेगळाच ताप. पाण्यात थोडा भांडी घासायचा साबण घालून थेंब थेंब सोडा.

प्रश्न (भंडारा): दादा, बाबा गेल्यावर आरा मशीन मी बघते. एका गिऱ्हाईकाने १० घनफुटाचा ओंडका दिला, फळ्या मोजल्या तर साडेसहा घनफूट भरल्या आणि त्याने चारचौघांत मला चोर ठरवलं. मी चिराईत काही चुकले का?

उत्तर: ताई, तुम्ही चुकला नाहीत. हा हिशोब त्याच्यासमोर मांडा.

ओंडका आपण चौथाई घेराने मोजतो. समजा मधला घेर ४८ इंच आणि लांबी १० फूट. ४८ चा चौथा भाग १२, बारा बारे १४४, त्याला १४४ ने भागलं की १, गुणिले १० म्हणजे १० घनफूट. पण तो ओंडका खरोखर गोल धरून मोजला तर जवळजवळ पावणेतेरा घनफूट असतो. चौथाई पद्धतीत आधीच एकवीस-बावीस टक्के सोडून दिलेलं असतं, ते गोलाईचं आणि सालीचं समजायचं. एवढं सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं मग तर दहाचे दहा मिळायला पाहिजेत. तिथेच गोची होते. चारी बाजूच्या गोल फळ्या जातात, ओंडका एका टोकाला निमुळता असतो तो भाग जातो, गाठ-पोकळ जातं आणि पट्टा स्वतः खातो ते वेगळं. सेटिंग धरून एक काप तीन मिलिमीटर पकडा, म्हणजे इंची आठ फळ्या काढल्या की नववी फळी भुशात गेली. सरळ ओंडक्याला साडेसहा-सात मिळाले तर ती चांगली चिराई आहे.

पुढच्या वेळी काय करा, ओंडका उतरला की घेर आणि लांबी त्याच्यासमोर मोजून खडूने ओंडक्याच्या तोंडावर लिहा, आणि चिरायच्या आधीच सांगा की फळी एवढी भरेल. सालीच्या फळ्या पण त्यालाच भरून द्या, म्हणजे गेलं कुठे ते त्याच्या डोळ्यासमोर राहतं. आणि ताई, जो माणूस बाबांच्या वेळी गप्प बसायचा आणि आता चारचौघांत बोलतो, त्याचा प्रश्न घनफुटाचा नाहीये. त्याला पुढच्या वेळी भाव पाच रुपये जास्त सांगा.

प्रश्न (शहादा): जड ओंडका लागला की मोटर घुमते आणि मोटरचा बेल्ट जळका वास मारतो.

उत्तर: लोड असताना तिन्ही फेजचं व्होल्टेज मोजा, रिकाम्या मशीनवर मोजून काही कळत नाही. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट खेचते आणि तापते. एक फेज गेला असेल तर घुमणं तेच, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करतो तो) नसेल तर आजच बसवा, मोटर बांधायचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. बेल्ट बदलताना सगळे एकदम बदला, जुन्या-नव्यात एक ताणलेला आणि एक ढिला राहतो. आणि हे सगळं ठीक असेल तर वर चिपळूणवाल्याला लिहिलंय ते वाचा, बोथट पट्टा मोटरला पण ओढतो.

प्रश्न (सावंतवाडी): मी आयटीआय केलंय, ओळखीत एक जुनी बँडसॉ मिळतेय, मालक म्हणतो लायसन्ससकट देतो. घेऊ का? आणि शेतातलं लाकूड टीपीशिवाय (वाहतुकीच्या पासाशिवाय) घेतलं तर चालतं असं सगळे म्हणतात.

उत्तर: सगळे म्हणतात तेच पकडले गेले की रडतात. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन केसमधला आदेश आला तेव्हापासून सॉमिलचं लायसन्स ही चेष्टेची गोष्ट राहिलेली नाही, विनापरवाना गिरण्या तेव्हा धडाधड बंद झाल्या, आमच्याच रस्त्यावरच्या दोन गेल्या. पुढे २०१६ ला केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि नवीन परवान्याचं काम राज्याच्या कमिटीकडे आलं. मालक "लायसन्ससकट" म्हणाला म्हणून ते तुझ्या नावावर होत नाही, वनखात्याची परवानगी लागते, ती हातात येईपर्यंत टोकनच्या पलीकडे एक रुपया देऊ नकोस.

शेतातलं लाकूड म्हणशील तर साग, आईन, किंजळच काय, आंबा-फणससुद्धा १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. तोडायची परवानगी आणि वाहतुकीचा पास बघूनच लाकूड आत घ्यायचं आणि त्याच दिवशी रजिस्टरला चढवायचं. "टीपी उद्या आणून देतो" म्हणणाऱ्याचं लाकूड गेटच्या बाहेर.

मशीन बघायला जाशील तेव्हा चाकावर छोटी हातोडी वाजव, घंटेसारखं वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर बिडात तडा असू शकतो. चाक हाताने वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ बघ, पट्टा बसतो त्या पृष्ठभागावर खोबणी पडलीय का ते नखाने बघ. रंग नवीन मारलेला असेल तर जास्त बघ. आणि भाव ठरवायच्या आधी एक दहा फुटी ओंडका चिरून दाखव म्हण, ओंडका आपला घेऊन जा, पट्टा पण.