डांके म्हटलं आणि वाडगं पुढे गेलं

प्रश्न: मावशी, मी सांगलीची, दहावी झाल्यावर एक वर्षासाठी एक्स्चेंजवर जर्मनीत आलेय, हॅनोव्हरजवळच्या एका छोट्या गावात. आज अकरावा दिवस. घरात होस्ट आई-बाबा आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा. माणसं वाईट नाहीयेत पण मी त्यांना नकोशी झालेय असं वाटतंय. जेवताना आई वाडगं पुढे करते, मी हसून डांके म्हणते, तर ती वाडगं उचलून सरळ पुढच्याला देते!! परत विचारतच नाही. आणि रात्रीचं जेवण म्हणजे काय तर काळा गार ब्रेड, चीज आणि काकडीचं लोणचं, गॅस पेटवतच नाहीत. मग मी खोलीत दार लावून घरून आणलेल्या चकल्या खाते. काल तर होस्ट आई खोलीत आली, खिडकी सताड उघडली, हीटर बंद केला आणि काहीतरी बोलून गेली, मला अर्धंच कळलं. इथे थंडी सुरू झालीये हो! माझं काय चुकतंय? की पैसे मिळतात म्हणून ठेवून घेतलंय मला?

उत्तर: अगं बाळा, आधी ते डांकेचं बघू कारण सगळी भानगड तिथेच आहे. डांके म्हणजे थँक्यू हे बरोबर, पण कोणी काही वाढायला आलं आणि नुसतं डांके म्हटलं की जर्मन माणूस त्याचा अर्थ "नको, धन्यवाद" असा घेतो. म्हणजे तू अकरा दिवस रोज हसत हसत नको म्हणतेयस आणि ती बाई बिचारी विचार करत असेल की ही पोरगी काही खातच नाही, माझा स्वयंपाक आवडत नाही वाटतं. हवं असेल तर "या, गेर्न" (हो, आनंदाने) म्हणायचं, किंवा "या, बिट्टं" (हो, प्लीज). आजच म्हण.

आणि दुसरं, आपल्याकडे कसं असतं, पाहुणा पहिल्यांदा नको नको म्हणणार, मग यजमान "अहो घ्या हो एवढीशी" करणार, तिसऱ्या वेळी पोळी पानात पडणार. तो आग्रह तिकडे नाही. एकदा नको म्हटलं की नको, परत विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं त्यांच्या दृष्टीने. मी बावीस वर्षांपूर्वी कासेलमधे एका घरी राहिले होते, पहिल्या रविवारी केक समोर आला, मी संस्कारी मुलीसारखं नको म्हटलं आणि मग तासभर बाकीच्यांना केक खाताना बघत बसले. अजून आठवतो तो प्लमचा केक. तेव्हा लाज सोड. भूक लागलीये तर भूक लागलीये म्हण, भांड्यात उरलं असेल तर अजून घेऊ का विचार, ते खूश होतील.

गार ब्रेडचं म्हणशील तर तो तुझ्यासाठी वेगळा काढलेला शिळा प्रकार नाहीये गं, त्याला आबेंडब्रोट म्हणतात, संध्याकाळचा ब्रेड. बऱ्याच जर्मन घरांत गरम जेवण दुपारी आणि रात्री ब्रेड, चीज, सॉसेज ही जुनी पद्धत आहे. तुला रात्री गरम काही हवं असेल तर विचारून स्वतः करून घे, कोणी नाही म्हणणार नाही. शाकाहारी आहेस का ते लिहिलं नाहीस, असशील तर "मांस खात नाही" एवढ्यावर थांबू नकोस, हॅम नाही, सॉसेज नाही, मासे नाही, अंडं चालतं की नाही असं एकेक नाव घेऊन सांग. आणि त्या रंगीत गमी बेअरच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डुकराचं जिलेटिन असतं, पाकीट वाचून मगच तोंडात टाक.

आता खिडकी. तू हीटरचा खटका पाचवर ठेवून खिडकी वरून तिरकी उघडी ठेवली होतीस ना? मला माहितीये, सगळे तेच करतात. त्या खटक्यावरचे आकडे म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखा स्पीड नाही, ते खोलीचं तापमान आहे, तीन म्हणजे साधारण 20 अंश, पाचवर ठेवून खोली लवकर तापत नाही, नुसती जास्त तापते आणि बिल वाढतं. खिडकी मात्र दिवसातून दोनतीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची, हीटर बंद करून, आणि मग घट्ट लावायची. त्यांची घरं इतकी हवाबंद असतात की श्वासाची, आंघोळीची वाफ आतच राहते आणि भिंतीला बुरशी धरते. तिचा राग बुरशीवर होता, तुझ्यावर नाही.

बुरशीवरून आठवलं, बाथरूम! तिकडच्या बाथरूममधे बऱ्याचदा जमिनीत मोरीसारखी जाळी नसते, पाणी जायला जागा फक्त टबात किंवा शॉवरच्या चौकटीत. मी दुसऱ्याच दिवशी बादली-मग शोधून काढून बाहेर बसून मस्त आंघोळ केली आणि पाणी दाराखालून लाकडी फरशीवर. पुढचं विचारू नकोस. अंग धुऊन झालं की शॉवरच्या काचेवरचं पाणी तिथल्या वायपरने ओढून टाक, एवढ्याने तुझ्याबद्दलचं मत किती बदलेल बघ.

पैशांचं मनातून काढ. एएफएस, रोटरी अशा संस्थांच्या एक्स्चेंजमधे घरं पैसे घेत नाहीत, स्वतःच्या खर्चाने आणि हौसेने मुलाला ठेवून घेतात. (एएफएसचा तर हा उद्योग 1947 पासून चालू आहे.) तुझ्या कार्यक्रमाने तुला एक संपर्काची व्यक्ती दिली असेल, काही खरोखरच सहन होत नसेल, कोणी वाईट वागत असेल तर तिला त्याच दिवशी फोन कर, घर बदलून मिळतं आणि त्यात कमीपणा नाही. पण ब्रेड आणि खिडकीसाठी नको.

भाषेचं टेन्शन घेऊ नकोस, आपल्याला एक फायदा आहे. जर्मन लोक पंचवीस म्हणताना आधी पाच म्हणतात मग वीस, अगदी आपल्यासारखं, इंग्रजीवाल्यांची तिथे दांडी उडते. दीडलासुद्धा त्यांच्याकडे एक स्वतंत्र शब्द आहे. फक्त वेळेला सांभाळ, "हाल्ब आख्ट" ऐकलं की आपल्याला साडेआठ वाटतं पण ते साडेसात असतात, आठाकडे अर्धं. यात माझी शाळेची एक सहल गेलीये.

आणि त्या चकल्या खोलीत लपवून खाऊ नकोस गं, टेबलावर ठेव. तेरा वर्षांचा मुलगा आहे ना घरात, दोन दिवसांत डबा संपेल आणि तुमची दोस्ती होईल.

प्रश्न: माझा मुलगा जर्मनीत एक्स्चेंजला गेलाय. मी रोज रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावून बसते, तो दोन मिनिटांत "आई जेवायला बोलावतायत" म्हणून ठेवतो. रात्रभर झोप नाही मला. (नाशिक)

उत्तर: ताई, तुमचे अकरा म्हणजे त्याचे साडेसात, खरंच जेवणाची वेळ आहे हो ती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेतीन तासांचा फरक साडेचार होईल. रविवारी दुपारी तिकडे दुकानं बंद असतात, निवांतपणा असतो, तेव्हा आपल्या संध्याकाळी पाच-साडेपाचला एकच मोठा कॉल करा. रोजचा फोन म्हणजे तो रोज अर्धा नाशकात. आणि कॉलवर होस्ट आईला आपल्या मुलाच्या तक्रारी सांगायला लावू नका, प्लीज.

प्रश्न: होस्ट फॅमिलीला पोळी-भाजी करून घालायची आहे, पण पोळ्या चिवट होतात. (सध्या म्युनिक)

उत्तर: पिठाच्या पाकिटावर आकडा बघ. 405 म्हणजे जवळपास मैदा, त्याची पोळी चिवटच होणार. 1050 घे, किंवा 405 मधे निम्मं फोलकोर्न, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं गव्हाचं पीठ मिसळ, आणि मळून अर्धा तास ठेव. सामान शनिवारीच आण, रविवारी काही मिळणार नाही. फोडणी टाकताना स्वयंपाकघराचं दार लाव, खिडकी उघड, कारण पॅसेजमधे छताला धुराचा अलार्म असणारच, कायद्यानेच लागतो, आणि मोहरी-मिरचीचा धूर त्याला अजिबात सोसत नाही.